मागचा पोचला का?

प्रत्येक गोडाऊनमध्ये एक कोपरा असतो. तिथे कोणी न्यायलाच न आलेला माल पडून राहतो. कुणाची शिलाई मशीन, कुणाची कढई, एकदा तर लग्नाच्या फेट्यांचा अख्खा खोका. फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठले आहेत. जुलै आला की कोणीतरी एक काढतं, त्याच्यामागून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

मी वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगला बसते. पार्सलवर लेबल चिकटवायचं, नंबर टाकायचा आणि "मॅडम, माल कधी पोचेल?" या प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा "उद्या" म्हणायचं, हे माझं काम. अशा जागी बसून मी युरोपातल्या सायकल शर्यतींची फॅन झाले. माझ्या आईला हे अजून खरं वाटत नाही. तिला वाटतं, ऑफिसात काहीतरी भानगड आहे!

भानगड आहेच, पण ती चौघांची मिळून. एक मी. दुसरे आमचे मॅनेजर शंभरकर साहेब. तिसरे रज्जाकभाई, गाड्यांचे मिस्त्री, ज्यांच्या हातांचा काळा रंग ईदलाही जात नाही. आणि चौथे देवराव काका. काकांनी जन्मभर ट्रक चालवला, कलकत्त्यापासून कोचीपर्यंत. तेव्हा गेटवर बसायचे. चारला ड्यूटी संपली की घरी न जाता ऑफिसात यायचे, कारण ऑफिसात टीव्ही होता.

*

सुरुवात क्रिकेटने झाली. मॅच परदेशात होती, तिकडे पाऊस आला, खेळ थांबला आणि चॅनेलवाल्यांनी वेळ काढायला सायकली लावून दिल्या. फ्रान्समधले रस्ते, दोन्हीकडे सूर्यफुलं आणि मधून दीड-पावणेदोनशे माणसं खाली मान घालून चाललेली.

"बंद कर गा हे," साहेब रज्जाकभाईंना म्हणाले.

"राहू द्या साहेब," देवराव काका म्हणाले. त्यांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली. "पुढचा हवा कापून राहिला. मागचे आरामात चालून राहिले. आपण रिकामी गाडी भरल्या कंटेनरच्या मागे लावतो ना, तसंच. आता पाहा, पुढचा थकला का बाजूले होईल अन् दुसरा पुढे येईल."

दोन मिनिटांत पुढचा बाजूला झाला आणि दुसरा पुढे आला. रज्जाकभाईंनी टाळीच वाजवली. तिकडे क्रिकेट पुन्हा सुरू झालं असेल, पण चॅनेल बदलायचं कोणी नाव काढलं नाही.

शेवटी एकजण जिंकला, त्याला फुलं मिळाली आणि सगळे टॉवेल गळ्यात घालून बसले. तेवढ्यात स्क्रीनवर उद्याची वेळ आली. साहेब गोंधळले. "उद्या पुन्हा? म्हणजे आज पोचलेच नाहीत?"

"साहेब," काका म्हणाले, "ट्रिप तीन आठवड्यांची आहे. आज फक्त हॉल्ट झाला!"

*

कॉमेंट्री इंग्रजीत. ती काकांना आणि रज्जाकभाईंना कळत नव्हती आणि मला अर्धीच कळायची. त्यामुळे नावं आम्हीच ठेवली. पहिल्या नंबरवाला पिवळा शर्ट घालतो, तो पिवळा. डोंगरावर सगळ्यात चांगला चढणाऱ्याच्या शर्टावर लाल ठिपके असतात, तो बुंदीवाला. आणि टीममधला जो माणूस स्वतः जिंकायचं सोडून मागच्या गाडीकडे जातो, शर्टात आठ-आठ बाटल्या कोंबतो आणि कॅप्टनला पाणी नेऊन देतो, त्याला काकांनी किलिंडर म्हटलं. ट्रकवर ड्रायव्हरच्या सोबत क्लीनर असतो ना, तोच आमच्याकडे किलिंडर.

एक दिवस कॅप्टनचं चाक पंक्चर झालं. त्याच्या किलिंडरने उभ्या रस्त्यात थांबून स्वतःचं चाक काढून दिलं आणि आपण तसाच तीन पायांच्या खुर्चीसारखा कडेला उभा राहिला. साहेब खवळले. "हा काय न्याय झाला? त्यानेही लहानपणी जिंकायचंच ठरवलं असेल ना!"

"ठरवलं असंल," काका म्हणाले. "पण गाडी पोचली तं दोघंही पोचतात, साहेब."

दुसऱ्या दिवशी साडेचारला दार ढकलून साहेब आत आले, हातात चहाचे चार ग्लास, शर्टाच्या खिशात बिस्किटाचे दोन पुडे. गेल्या अकरा वर्षांत मी त्यांना स्वतःचा ग्लासही उचलताना पाहिलेलं नव्हतं. ग्लास टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आज मी किलिंडर!"

*

इतवारी बाजारातले एक भांडेवाले शेठ एकदा भांडायलाच आले. त्यांचे बारा बॉक्स येऊन पोचले नव्हते. "आत्ताच्या आत्ता सांगा, माल कुठे आहे!" असं ते म्हणत होते, तेवढ्यात टीव्हीवर निम्मे सायकलवाले एकदम थांबले आणि रस्त्याच्या कडेला रांगेने पाठ करून उभे राहिले.

"हे काहून थांबले?" शेठ भांडण विसरले.

"लघवीले," काका म्हणाले. "पुढचे बी आता हळू चालतील. कोणी उतरला असंल तर त्याले टाकून पळायचं नाही, असा त्यांचा नियम हाय. लिहिलेला नाही, पण हाय. आमच्यात बी होता."

शेठ बसले. चहा प्यायले. तासाभराने त्यांनी विचारलं, "अन् तो एकटा मागे कोण?"

तो खरंच एकटा होता. उंच, वाळका, पाठीवर एकशे सत्तावन्न नंबर. अख्ख्या शर्यतीत सगळ्यात शेवटचा. नाव एवढं लांब की मी तीनदा वाचूनही सोडून दिलं. त्याला आम्ही मागचा म्हणायचो. काका रोज शर्यत संपल्यावर एकच विचारायचे, "मागचा पोचला का?" कारण ट्रकांच्या ताफ्यात सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर मागे ठेवतात, असं ते म्हणायचे. कोणाची गाडी बंद पडली तर ती त्यालाच सापडते.

शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर. माझे बारा बॉक्स याच्याचजवळ असतील!"

त्या वर्षी मागचा पॅरिसला, म्हणजे शर्यत संपते तिथे, पोचला. शेठचे बॉक्स त्याच्या दोन दिवस आधी पोचले होते.

*

त्या हिवाळ्यात शंभरकर साहेबांनी गिअरची सायकल घेतली. सोबत ती घट्ट चड्डीही घेतली, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. एका रविवारी त्यांनी भंडारा रोडने मौद्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. रज्जाकभाई स्कूटरवर मागे, सर्व्हिस गाडी म्हणून, पायाशी हवेचा पंप. काकांनी फोनवरून मोलाचा सल्ला दिला, "साहेब, छातीवर शर्टाच्या आत पेपर ठेवा. थंडीत घाट उतरताना आम्ही तसंच करत होतो."

भंडारा रोडवर घाट नाही, पण साहेबांनी पेपर ठेवला.

मौदा आलं. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि साहेबांच्या मांडीत गोळा आला. ते रस्त्याच्या कडेला आडवे झाले. शर्यतीत सगळ्यांच्या मागे एक गाडी असते. जो सोडून देतो त्याला ती उचलून आणते. तिच्यात बसला की संपलं, दुसऱ्या दिवशी त्याला निघता येत नाही. रज्जाकभाईंनी आमचाच एक ट्रक थांबवला आणि साहेबांना सायकलीसकट, कापसाच्या गाठींवर चढवून वाडीला आणलं.

सोमवारी आम्ही विचारलं, "साहेब, कशी झाली शर्यत?"

"पेपर पूर्ण वाचून झाला," साहेब म्हणाले.

*

आता दुसऱ्या वर्षीचं सांगते. हा किस्सा आम्ही सांगतो तेव्हा आधी हसतो.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर दोन स्क्रीन आहेत. एक टीव्ही आणि त्याला लागूनच गेटच्या कॅमेऱ्याचा. बाहेर रिमझिम चालली होती. टीव्हीवर जाहिरात लागली म्हणून आम्ही सगळे इकडेतिकडे पाहत होतो. तेवढ्यात काका ओरडले, "वा रे पिवळ्या! एकटाच निघाला! मागे कोणीच नाही!"

आम्ही पाहिलं. गेटच्या स्क्रीनवर आमचा दूधवाला पिवळा रेनकोट घालून सायकलवर येत होता.

रज्जाकभाई हसून हसून खुर्चीवरून घसरले. काका तसेच, "अरे, उतरला काहून? भिंतीले सायकल टेकवून राहिला! पंक्चर झाली का?"

"काका, दूध उतरवून राहिला तो!" साहेब म्हणाले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग काकाही हसले. पण जरा उशिरा हसले. माझी खुर्ची त्यांच्या बाजूलाच होती, म्हणून मला दिसलं. ते टीव्हीकडे पाहत नव्हते आणि गेटच्या स्क्रीनकडेही नाही. आम्ही कुठे हसतोय ते ऐकून त्यांनी तिकडे तोंड वळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेटवर गेले. गाडी वळणावर असतानाच काका तिचा नंबर सांगायचे, आणि आम्ही इतकी वर्षं त्यांच्या नजरेचं कौतुक करत होतो. मी सरळ विचारलं. काका म्हणाले, "इंजिनच्या आवाजावरून सांगतो वं. उजवा डोळा कधीचाच गेला. डाव्यात मोतीबिंदू हाय. पिवळं-निळं समजते, बाकी धुकं."

"मग ऑपरेशन करा ना, काका. मोतीबिंदू तर..."

"माझा मोठा भाऊ गेला होता ऑपरेशनले. होतं तेवढंही गेलं." ते हातातली काठी उगाच फिरवत राहिले. "अन् त्याचे तरी दोन होते. माझ्याजवळ स्टेपनी नाही, सुषमा."

मी म्हटलं, "संध्याकाळी माझ्याजवळ बसा. मी सांगते काय चाललं आहे ते."

*

पहिल्या दिवशी मी अगदी निबंध सांगितल्यासारखं सांगितलं. "खूप सुंदर डोंगर आहेत, काका."

"सुंदर म्हंजे किती चढ?"

"पिवळा पुढे आहे, त्याच्या मागे..."

"कोण पुढे ते नको सांगू. रस्ता सांग."

मला रस्ता सांगता येत नव्हता! बारा वर्षं रस्त्याच्याच धंद्यात बसून मी रस्ता कधी पाहिलेला नव्हता. काकांनी मला शिकवलं. चढ माणसाच्या खांद्यावरून ओळखायचा, खांदे डोलायला लागले की चढ वाढला. तोंड उघडं पडलं की आणखी वाढला. वारा झेंड्यांवरून आणि उभ्या शेतावरून. वळण येण्याआधी वळण सांगायचं, झाल्यावर नाही. "सावली हाय का? खडी हाय का? ओला हाय का?" असं ते विचारत राहायचे. मी सांगत राहायचे, आणि सांगायचं म्हणून पाहत राहायचे. मधेच त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जायचा. ते ब्रेक मारत असायचे.

एका संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना वाडीच्या पुलावर मला एकदम वाटलं, अरे, याला चढ आहे! रोजचा पूल. मी कोणालातरी सांगावं म्हणून बाजूला पाहिलं, तर बाजूला सिमेंटचा टँकर होता. त्या दिवशी मला कळलं की मी फॅन झाले आहे.

बाकीच्या दोघांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. फक्त एक दिवस साहेबांनी गेटवर आणखी एक माणूस बसवला आणि काकांना दरडावून सांगितलं, "उद्यापासून रजिस्टर तुम्ही लिहायचं नाही, काका. तुमचं अक्षर कोणाच्या बापाला लागत नाही!"

*

कमलाकाकू म्हणजे देवराव काकांच्या बायको. एका संध्याकाळी त्या मुंगवडे घेऊन आल्या आणि डबा उघडायच्या आधीच भांडण उघडलं. डॉक्टरने पुन्हा बोलावलं होतं. अजून उशीर केला तर मग हात लावता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. "यांले कितीदा म्हटलं, चला. हे ऐकतच नाही!"

काका टीव्हीकडे तोंड करून बसले होते. मी सांगत होते, आपला मागचा याही वर्षी शेवटी आहे, नंबरही तोच, एकटा, उन्हात. काका एकदम म्हणाले, "हा पॅरिसले पोचला तं मी जातो ऑपरेशनले. बस! आता बोलू नका कोणी."

काकूंनी कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "हा कोण माणूस हाय वं, ज्याच्या भरवशावर आमचा डोळा ठेवला?"

मी दाखवला. काकूंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "लय वाळला. याच्या घरी कोणी नाही का करून घालणारं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलासमोर हजर. मारुतीला साकडं घालायचं होतं, पण मागच्याचं नाव येत नव्हतं. मी नाव वाचलं. त्यांनी म्हणून पाहिलं. मी पुन्हा वाचलं. शेवटी त्या म्हणाल्या, "लिहूनच दे. देव वाचून घेईल."

कागद शोधायला वेळ नव्हता, समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी पार्सलचं लेबल घेतलं आणि भरलं. नग: एक. नंबर: एकशे सत्तावन्न. पोचण्याचं ठिकाण: पॅरिस. काकूंनी ते वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "ते दुसरं बी चिकटव ना, लाल."

मी लाल लेबल चिकटवलं. 'नाजूक माल. सांभाळून.'

*

पॅरिसला चार दिवस राहिले होते. डोंगराचा उतार, रस्ता ओला. कॅमेरा बराच वेळ पुढच्यांवर होता. मी वळणं सांगत होते, काकांचा पाय ब्रेक मारत होता. मग कॅमेरा मागे गेला.

मागचा रस्त्याच्या कडेला बसला होता. एका हाताने दुसरा खांदा धरलेला. सायकल लांब पडलेली. डॉक्टर वाकून काहीतरी बोलत होता आणि तो मान हलवत होता, नाही, नाही. मग त्याने मान हलवणं थांबवलं. दोघांनी त्याला धरून उठवलं आणि टीमच्या गाडीत बसवलं. गाडीचं दार लागलं. रज्जाकभाई जोरात खोकले.

"काय झालं वं?" काका म्हणाले. "चूप काहून झाली?"

"पडला, काका."

"कोण?"

"मागचा."

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मंग?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे पाहत होते. देवाशप्पथ सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं.

"उठला. हँडल सरळ केलं. बसला. निघाला."

"बाटली आहे का त्याच्याजवळ?"

"आहे."

"मंग जाईल," काका म्हणाले आणि मागे टेकले.

*

त्यानंतर चार दिवस आम्ही तिघांनी मिळून एक माणूस शर्यतीत चालवला. मी त्याला रोज शेवटी आणायचे, वेळेच्या आत, पण जेमतेम. साहेब मधूनच "वा, वा" म्हणायचे. रज्जाकभाईंना मात्र राहवेना. तिसऱ्या दिवशी ते ओरडले, "काका, आज तो मागचा आगे निकला! छत्तीस लोगों को पीछे टाकलं!" साहेबांनी टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

"रज्जाक," काका शांतपणे म्हणाले, "मागच्याले मागेच राहू दे. त्याले सवय हाय."

काकूंना मी खरं सांगून टाकलं होतं. त्यांच्यापासून लपवणं जमलंच नसतं. मी म्हटलं, "काकू, मी खोटं बोलले. ते लेबल मारुतीजवळून काढून घ्या." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "राहू दे तिथंच. माल उशिरा पोचते कधी कधी."

शेवटचा दिवस रविवार. साहेबांनी सुटीच्या दिवशी ऑफिस उघडलं. मी मागच्याला पॅरिसमध्ये आणलं. दोन्हीकडे माणसं, टाळ्या, चौक, झाडं, सगळं सांगितलं. "पोचला, काका! दोन्ही हात वर केले त्याने!"

"दोन्ही काहून सोडले?" काका रागावले. "पडला असता ना!"

मग ते आपल्या हातांकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, बुधवारी मले सुटी पाहिजे. दवाखान्यात जायचं हाय."

*

पट्टी काढली त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो. काही उलटं झालं असतं तर ते माझ्या खोट्यामुळे झालं असतं. काकूंनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, ते आठवत नाही.

काकांनी डोळा मिचकावला. एकदा, दोनदा. खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. रज्जाकभाईंकडे, माझ्याकडे, काकूंकडे बराच वेळ. मग शंभरकर साहेबांवर नजर थांबली आणि काकांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचे केस कधी गेले?"

काकू आधी हसल्या आणि मग रडल्या. साहेबांनी टकलावरून हात फिरवला आणि तेही तसेच. काकांनी त्यानंतर मागच्याबद्दल कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

*

यंदा जुलैत आम्ही पुन्हा चौघं बसलो. पाचवी खुर्ची कमलाकाकूंची, कारण त्यांचं पार्सल अजून पॅरिसला पोचायचं होतं. काका आता मागे, भिंतीला टेकून बसतात. चष्मा लावतात, सगळं दिसतं, आणि माझ्या चुका काढतात. "हे वळण डावं नव्हतं, सुषमे!"

मागचा यंदाही होता. नंबर बदलला होता, जागा तीच. मी वरवर काही दाखवत नव्हते, पण पहिल्या दिवसापासून माझा जीव त्याच्यात होता. तो पॅरिसला पोचला की माझं गेल्या वर्षीचं खोटं खरं होणार होतं. मी कोणाला हे बोलले नव्हते. काकू रोज घरून निघून मारुतीकडून येत होत्या.

तीनच दिवस राहिले होते. उतार होता, ऊन होतं, रस्ता कोरडा होता. मी मनातल्या मनात त्याला वळणं सांगत होते. एका वळणावर त्याचं पुढचं चाक सरकलं आणि तो दगडी कठड्यावर गेला. मी ओढणी तोंडावर घेतली. पाहवेना.

टीव्हीतली इंग्रजी कॉमेंट्री थांबली होती. रज्जाकभाई पुटपुटले, "या अल्लाह." काकूंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग टीव्हीतून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

माझ्या बाजूला खुर्ची सरकली. देवराव काका जवळ येऊन बसले.

"काय झालं, काका?" मी ओढणीआडूनच विचारलं.

"काही नाही वं," काका म्हणाले. "उठला. हँडल सरळ केलं. बसला. निघाला."

मी डोळे उघडले नाहीत.

"बाटली आहे का त्याच्याजवळ?"

"आहे."

"मंग जाईल," मी म्हटलं.